नानांच्या मापाचा खोका

दोष नानांचा होता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण हा किस्सा मी ज्यांना ज्यांना सांगितला त्या सगळ्यांनी शेवटी माझ्याकडेच बोट दाखवलं. तुम्हीही दाखवाल. दाखवा खुशाल. पण नोंद असू दे, दोष नानांचा.

नाना म्हणजे माझे सख्खे मोठे काका. मुंबईत एका कचेरीत बत्तीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गावी, गिरीजला, घरी येऊन बसले. बसले म्हणजे आमच्या डोक्यावर बसले. वाडीत केळींना पाणी किती वेळ सोडायचं हे बाबांना शिकवायचे, आमटीत मीठ किती हे आईला, आणि जगायचं कसं हे मला. माझ्यावर तर त्यांचा खास हक्क, कारण मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला होता.

का सोडला म्हणता? तिथले मास्तर कॉम्प्युटर फळ्यावर शिकवायचे हो. खडूने! फळ्यावर माऊस काढायचे, शेपटीसकट. मी एकदा विचारलं, "सर, खरा कधी दाखवणार?" त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. मी बाहेर गेलो तो गेलोच.

घरी माझ्याकडे खरा माऊस होता. मामाच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी उचलून आणला होता आणि त्यावर व्हिज्युअल बेसिक शिकलो होतो. पुस्तक फोटोकॉपीचं, मास्तर कोणी नाही. दोन हजार एक-दोनचा तो काळ. गिरीजमध्ये तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक 'पत्रिका काढून देतो का रे?' एवढंच विचारायचे.

तर आमच्या समाजाचं एक वधू-वर मंडळ आहे. वर्षातून एकदा शेजारच्या निर्मळ गावात हॉल घेऊन मेळावा भरतो. नाना त्याचे सचिव. सचिव म्हणजे काय, तर अध्यक्षांना काही कळत नाही म्हणून सगळं करणारा, आणि सगळं केल्यावर अध्यक्षांचे आभार मानणारा. दरवर्षी नाना एका जाड रजिस्टरमध्ये मुलामुलींची माहिती लिहायचे. नाव, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव, अशा बारा गोष्टी. त्या वर्षी अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं, "यंदा कागद नाही! यंदा सगळं कॉम्प्युटरवर! माणसं येतील, सांगतील, संध्याकाळी छापील यादी घेऊन घरी जातील!" टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

सॉफ्टवेअर कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फुकट करणारा दुसरा होता कोण?

मी सरळ नाही म्हणणार होतो. पण त्या सभेत म्हात्रेसाहेब बसले होते. आमच्याच समाजातले, चंदनसारला नवा फ्लॅट घेतलेले, अंधेरीला स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी. सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"डिप्लोमा सोडलास म्हणे?"

"हो."

"मला सर्टिफिकेटाचं काही पडलेलं नाही. माझ्याकडे डिग्रीवाले पाच जण बसलेत, एकालाही स्वतःहून काही सुचत नाही. तू हे काम करून दाखव. मेळाव्याच्या दिवशी मी येणार आहे. संध्याकाळी तुझ्या प्रोग्रॅममधून निघालेली यादी माझ्या हातात पडली की सोमवारी अंधेरीला ये. टेबल तयार ठेवतो."

कळलं का? डिग्रीशिवाय टेबल! दोन वर्षं घरात 'याचं काय होणार' हे ऐकत काढलेल्या माणसाला एका यादीवर टेबल! मी त्याच रात्रीपासून कामाला लागलो असतो, पण त्या रात्री लाइट गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लागलो.

आता मुद्द्याची गोष्ट. तेव्हा मराठीचे फॉन्ट फार वाह्यात होते. व्हिज्युअल बेसिक लिहायला जो तयार खोका देतं, तो इंग्रजीच्या मापाचा. त्यात मराठी लिहिलं की वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जायच्या, खालचे उकार बुडायचे. नवऱ्या मुलाच्या नावाचं डोकंच उडालेलं! म्हणून मी माझा स्वतःचा खोका बनवला. डावीकडे शीर्षक, उजवीकडे लिहायची जागा, दोन्ही मिळून एक वस्तू. असा खोका एकदा कोडमध्ये तयार केला की फॉर्मवर हवे तितके टाकता येतात. पण प्रत्येक नवा खोका जन्मताना किती मोठा असावा, ते आपणच आधी लिहून ठेवायचं असतं. त्याला म्हणतात डिफॉल्ट साइज. मी विचार करून एक बरी साइज लिहिली. वेलांटी दिसेल, उकार दिसेल, बारा खोके टाकून खाली मोकळी जागाही राहील.

आणि मग नाना बघायला आले.

"उंची किती आहे रे याची?"

माझी चूक ही, की मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, "ट्विपमध्ये असते, नाना. एका इंचाला चौदाशे चाळीस ट्विप."

"इंच?" नानांचे डोळे चमकले. बत्तीस वर्षं त्यांनी रजिस्टरला रेघा आखल्या होत्या. "मग इंचात बोल ना, गाढवा! आपल्या रजिस्टरचा रकाना अर्धा इंच उंच आणि साडेपाच इंच लांब असतो. लोकांना तीच सवय आहे. अगदी तेवढाच कर."

"नाना, पडद्यावरचा इंच आणि तुमचा इंच एक नसतो."

"इंच दोन प्रकारचा असतो? ब्रिटिशांनी दोन इंच ठेवले होते?"

मी हिशोब केला. अर्धा गुणिले चौदाशे चाळीस, सातशे वीस. लिहिलं. चालवलं. नाना आत गेले आणि लाकडी फूटपट्टी घेऊन आले. आणि काय केलं माहितीये? मॉनिटरच्या काचेला लावली! एक डोळा मिटला, नाक काचेला टेकवलं.

"अर्ध्याला दीड सूत जास्त भरतंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"नाना, मी तेच सांगत होतो..."

"दीड सूत जास्त! हे असंच सोडून देतोस, म्हणून डिप्लोमा सुटला."

बघा. फूटपट्टीपासून डिप्लोमापर्यंत यायला या माणसाला एक वाक्य पुरलं. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. त्यांना हाक मारली, "बाबा, सांगा ना यांना!" बाबा पेपराआडून म्हणाले, "दादा सांगतो तसं कर." माझ्या बाबांनी आयुष्यात या एका वाक्यापलीकडे कुठली भूमिका घेतलेली मला आठवत नाही.

चार दिवस हे चाललं. मी आकडा बदलायचा, चालवायचं, नाना पट्टी लावणार. "आता पाऊण सूत कमी." "आता लांबी बरोबर, उंची चुकली." "आता बरोबर, पण तू मॉनिटर हलवलास." मॉनिटर हलवल्याने इंच बदलतो का हो? शेवटी त्यांच्या काचेवरचा अर्धा इंच जमला. बारा खोके एकाखाली एक, रजिस्टरच्या पानासारखे, आणि सगळ्यांत खाली मी 'जतन करा' असं बटण ठेवलं.

"हे काय?"

"हे दाबलं की माहिती राहते."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर जाते."

नाना माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू मीच ती माहिती खाणार होतो. "रजिस्टरला कुठे बटण असतं? लिहिलं की लिहिलं. काढून टाक ते."

"नाना, बटण काढता येत नाही."

"का नाही? तुला येत नाही, की काढता येत नाही?"

तिथे मी ठाम राहिलो. बटण राहिलं. पण दुसऱ्या एका ठिकाणी मात्र हरलो. कोपऱ्यातली फुली दाबून फॉर्म बंद केला की पुढचा कोरा फॉर्म उघडायचा. पण जतन न करता बंद केला, तर 'जतन केले नाही, तरी बंद करायचे?' असं मी विचारून घेत होतो. नाना भडकले. "मला मशीन विचारणार? बत्तीस वर्षांत मला साहेबाने कधी विचारलं नाही, तुमची खात्री आहे का म्हणून! काढ तो प्रश्न!" काढला. इतका कंटाळलो होतो की म्हणाल ते काढलं असतं.

आणि त्या कंटाळ्यात मी एक काम केलं. नाना झोपले होते दुपारचे. मी माझ्या खोक्याच्या कोडमध्ये गेलो आणि साइज लॉक केली. म्हणजे कोणीही, अगदी मीसुद्धा, फॉर्मवर तो खोका माऊसने ओढून लहानमोठा करायला गेलो तर तो टुणकन परत आपल्या मापाला यायचा. म्हटलं, घ्या! उद्या नाना 'अजून जरा ओढ' म्हणाले तर ओढून दाखवीन, आणि खोका जागच्या जागी येऊन बसेल. म्हणेन, नाना, मशीन ऐकत नाही! इतका आनंद मला डिप्लोमा सोडतानाही झाला नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी आणि बाबा सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवर घेऊन निर्मळला गेलो. मॉनिटर नेला नाही. का? कारण अध्यक्ष म्हणाले होते, "मॉनिटर माझ्याकडे आहे, तो घ्या." नाना म्हणाले, "अध्यक्षांचा मान राखला पाहिजे." अध्यक्षांचा तो मॉनिटर इतका जुना होता की तो सुरू करताना हॉलवाल्याने पंखे बंद केले. माझ्या सेटिंगवर त्यात नुसत्या तिरक्या रेघा येत होत्या. मी सेटिंग एकदम खाली, जुन्यात जुन्या मापावर आणलं. तेव्हा कुठे चित्र आलं. मोठं, ठसठशीत. अध्यक्ष म्हणाले, "बघा, आमच्या मॉनिटरवर कसं छान दिसतं!"

आता तुम्हाला कॉम्प्युटरचं कळत नसेल तरी एवढं समजेल. पडद्यावरचं सगळं मोठं झालं, पण पडदा तेवढाच. मग खालचं काय होणार? कापलं जाणार! बारावा खोका पडद्याच्या खालच्या काठाला टेकला होता. 'जतन करा' पडद्याच्या बाहेर!

मला दिसलं. हो, मला दिसलं. खोटं कशाला बोलू?

खोक्याची उंची जरा कमी केली की बटण वर येणार होतं. पण उंची लॉक होती. कोणी केली होती? जाऊ दे. लॉक काढायचा, खोका परत बनवायचा, फॉर्म परत जुळवायचा, वीस-पंचवीस मिनिटं तरी हवी होती.

"नाना, मला अर्धा तास द्या."

"अर्धा तास? माणसं आली बघ दारात! सरक."

"नाना, अहो खाली..."

"सरक म्हणतो ना! रजिस्टर मी बत्तीस वर्षं लिहिलंय. तू चहाचं बघ."

चार माणसांसमोर. म्हात्रेसाहेब पहिल्या रांगेत बसलेले. तू चहाचं बघ!

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. म्हटलं, ठीक आहे. बसा खुर्चीत. पहिला फॉर्म भरा. बटण शोधा. सापडणार नाही. मग मला हाक माराल. "सुजय, बटण कुठे गेलं रे?" मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग मी येईन, आरामात, हातातला चहाचा ट्रे खाली न ठेवता. म्हणेन, नाना, अर्धा तास लागेल. मी मागितला होता.

मी वाट बघू लागलो. पहिला फॉर्म झाला. हाक नाही. दुसरा झाला. नाही. रांग पुढे सरकत होती. नाना खुशीत टाइप करत होते, एका बोटाने, पण काय तो रुबाब! एक म्हातारी माझ्याकडे येऊन म्हणाली, "पोरा, पानी दे रे. आनि सांग मला, त्या पेटीत माझ्या नातवाचं नाव गेलं ना?" मी म्हटलं, "गेलं असणार, आजी."

मग मला वाटलं, अरे हो! मी नानांना शिकवलं होतं की बटण न दाबता ऑल्ट आणि एस दाबलं तरी जतन होतं. तेच करत असणार. माझ्या तोंडचा घास गेला म्हणून मला वाईट वाटलं, पण म्हटलं, निदान शिकवलेलं लक्षात तरी राहिलं थेरड्याच्या.

आणि दुपारी बाराच्या सुमारास काय झालं असेल? नानांनी मला हाक मारली. मी ट्रे घेऊन सावकाश गेलो, ठरवलं होतं तसा. ते म्हात्रेसाहेबांना म्हणत होते, "पोरगं हुशार आहे बरं का, साहेब. आधी हट्टाला पेटलं होतं, पण शेवटी माझं ऐकलं त्याने. तुम्हाला सांगतो, आमचं रजिस्टर जसंच्या तसं आणलंय!"

नानांच्या तोंडून माझी स्तुती! माझ्या जन्मापासून पहिली! मला वाटलं खोक्याच्या मापाबद्दल बोलतायत. पट्टी, दीड सूत, अर्धा इंच. मी मान खाली घालून हसलो. म्हात्रेसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सोमवार, हं," ते म्हणाले.

सांगा, अशा वेळी कोण कॉम्प्युटरकडे बघायला जाईल? मी पुढचा तास चहा वाटला आणि अंधेरीला रोज कुठला शर्ट घालायचा याचा विचार केला.

साडेचारला रांग संपली. नाना उठले, कंबर धरली, आणि जाहीर केलं, "एकशे बारा नोंदी!" टाळ्या. अध्यक्षांनी नानांना हार घातला. तो हार अध्यक्षांसाठी आणलेला होता, पण असो. "सुजय, यादी काढ!"

मी प्रिंटर लावला. डॉट मॅट्रिक्स, आवाज असा की हॉलमधली लहान मुलं गोळा झाली. प्रिंटर किरकिरला. कागद वर आला. वर लिहिलं होतं: वधू-वर सूची. खाली बारा रकान्यांची शीर्षकं. खाली एक रेघ. रेघेखाली:

एकूण नोंदी: शून्य.

बास.

मला वाटलं प्रिंटर चुकला. पुन्हा छापलं. पुन्हा शून्य. मग डेटाबेस उघडला. रिकामा. चाचणीसाठी मी भरलेली दोन नावंसुद्धा आदल्या रात्री पुसून टाकली होती, की यादी नीट दिसावी. शून्य म्हणजे शून्य!

"नाना," मी हळूच विचारलं, "जतन कसं करत होतात?"

"कसलं जतन?"

"ऑल्ट आणि एस?"

"ते कशाला? तू बटण काढलंस ना शेवटी! सकाळी बघितलं तर बटण नव्हतं. म्हटलं, ऐकलं पोराने. लिहिलं की लिहिलं! मग कोपऱ्यातली ती फुली दाबायची, की पुढचं पान."

एकशे बारा वेळा. एकशे बारा वेळा नाना माणसांचा बायोडेटा लिहीत होते आणि एकशे बारा वेळा फुली दाबून फाडून टाकत होते. आणि मशीन एकदाही विचारत नव्हतं, 'जतन केले नाही, तरी बंद करायचे?' कारण तो प्रश्न मीच काढला होता!

बातमी हॉलभर पसरायला अर्धं मिनिटही लागलं नाही. सफाळ्याहून आलेला एक माणूस ओरडला, "आता परत सांगू? माझी गाडी आहे सहाची!" एका काकूंनी मुलीला हाताला धरून बाहेर नेलं. अध्यक्ष म्हणाले, "मी आधीपासून म्हणत होतो कागदावरच ठेवा." होय, हेच अध्यक्ष! तोंड वर करून! आणि मघाशी पाणी मागणारी ती आजी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "गेला नाय तर माझा नातू? मग गेला कुठं?"

म्हात्रेसाहेब मात्र शांत होते. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कोड दाखव." मी दाखवला. त्यांनी फॉर्म उघडला. खोका ओढून बघितला. खोका टुणकन परत आला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा आला.

"साइज लॉक केलीस?"

"हो."

"का?"

मी काही बोलायच्या आत नाना पुढे आले. आणि ऐका, त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो इथे. गळ्यातला हार काढून हातात घेतलेला, चेहरा पडलेला, पण आवाज तोच हेडक्लार्कचा. "साहेब, पोराची चूक नाही. माप मी दिलं. प्रश्न मी काढायला लावला. बटणाची कटकट माझी. तो सकाळी अर्धा तास मागत होता, मीच दिला नाही. काय बोलायचं ते मला बोला. त्याची नोकरी जाऊ देऊ नका."

भर हॉलमध्ये. अध्यक्षांसमोर. इतकी वर्षं मी या माणसाला जे जे म्हणत आलो, ते सगळं मला एकदम आठवलं. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी जर सगळं तिथेच थांबलं असतं ना, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट दुसऱ्या आवाजात सांगितली असती.

पण साहेबांनी तोवर खोक्याचा कोड उघडला होता. मराठी फॉन्ट कोडच्या खिडकीत चालायचा नाही, म्हणून मी माझ्या टिपा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवायचो. कुठला आकडा कशाला, कुठलं काम कोणत्या ओळीला, असं स्वतःलाच समजावं म्हणून. साइज जिथे लॉक केली होती, तिथेही मी एक ओळ लिहिली होती. त्या दुपारी, नाना घोरत असताना. साहेब चष्मा वर करून मोठ्याने वाचायला लागले. इंग्रजी अक्षरांतली मराठी वाचायला अवघड जाते, म्हणून एकेक तुकडा तोडत.

"ही... साइज... कायम. थे... थेर... थेरडा." ते थांबले. "थेरडा ओरडत राहू दे. तो... गेला... की... बदलू."

पहिल्या रांगेतली माणसं वळून नानांकडे बघायला लागली.

"कोण गेला की?" नानांनी विचारलं. खरंच विचारलं हो! त्यांना कळलं नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्याकडे एकेक करून बघितलं. मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि बाबांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाबांनी काहीतरी सांगितलं होतं, आणि तेही न बोलता.

नाना टेबलाकडे वळले. त्यांनी पिशवीतून जुनं रजिस्टर काढलं, म्हणजे ते घेऊनच आले होते, टेबलावर ठेवलं, पेनाचं टोपण उघडलं आणि रांगेकडे बघून म्हणाले, "कोण राहिलंय, या. नाव सांगा."

साहेबांनी कोड बंद केला. नीट, सगळं जतन करून. उठताना मला म्हणाले, "सोमवारी येऊ नकोस."

"साहेब, साइजचा लॉक दहा मिनिटांत काढतो."

"लॉक निघेल रे," ते म्हणाले. "माझ्याकडे पण नाना आहेत. चार आहेत. तू त्यांच्यासाठी काय काय लिहून ठेवशील, ते मी रोज वाचत बसू?"

आता सांगा, दोष कोणाचा? सांगा, सांगा, लाजू नका. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. बाबाही तेच म्हणाले होते, परत येताना, स्कूटरवर, सीपीयू मांडीवर धरून. एवढंच म्हणाले, "एक ओळ खोडली असतीस तर." खरंय. तीनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ती एकच ओळ अशी होती की ती असली काय, नसली काय, कॉम्प्युटरला काही फरक पडत नव्हता.

अंधेरीची ती जागा एका डिग्रीवाल्याला मिळाली. मी पुढची चार वर्षं चंदनसारला इमारतींच्या गच्च्यांवर केबल टीव्हीच्या वायरी जोडल्या, आणि नाना माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.